शाळेचा माहितीपट आपण काढू या : मुलांचं चांगलं वागणं टिपायला शिकताना



एक प्रश्न विचारते, मनातल्या मनात उत्तर द्या. शाळेतून तुम्हाला शेवटचा निरोप कधी आला आणि कशासाठी आला? आमच्या भागातल्या ११ गटांच्या बैठकीत मी हाच प्रश्न विचारला. उत्तरं बहुतेक सारखीच. "पोरानं दुसऱ्याची पाटी फोडली." "लेकीनं गृहपाठ केला नाही." "लई दंगा करतो, घरी समजावून सांगा." तुमचं मूल आज छान वागलं, हे सांगायला शाळेनं बोलावलं, असं सांगणाऱ्या दोघीच निघाल्या.

त्याच बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "लेकरू शाळेत काय करतं, हे आम्हाला तक्रार आली तरच कळतं. चांगलं बी करतच असंल की. ते कुणी दाखवावं?"

त्यावरून ठरलं की आपणच दाखवायचं. गटातल्या ५ जणी, मी आणि ३ मोबाईल. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर ७ मिनिटांचा माहितीपट आम्ही पावसाळ्यात तयार केला. तो कसा केला, त्यात मी कोणती मोठी चूक केली आणि तुमच्या गावात तुम्हाला करायचा झाला तर कसा करावा, हे या पाठात सांगते. पाठ जरा मोठा आहे. दोन बैठकांत वाचलात तरी चालेल.

माहितीपट म्हणजे काय?

सिनेमात गोष्ट रचलेली असते, माणसं पाठ केलेलं बोलतात. माहितीपटात खरी माणसं, खरी जागा, खरं काम असतं. आपण फक्त नीट पाहायचं, टिपायचं आणि ओळीनं लावून दाखवायचं.

हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं समजू नका. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेनं १९८४ साली कष्टकरी बायकांना व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. भाजी विकणाऱ्या बाईनं कॅमेरा धरला आणि आपल्या बाजारातले प्रश्न टिपले. तेव्हाचे कॅमेरे जड होते. आज त्याहून सोपं यंत्र आपल्या कमरेच्या पिशवीत असतं.

दुसरं उदाहरण आपल्याच दादासाहेब फाळक्यांचं. 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा त्यांनी १९१३ साली लोकांसमोर आणला, हे आपण ऐकलेलं असतं. त्याआधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्र घेतलं. पडद्यावर दाखवलं तेव्हा बी रुजून वेल वर चढताना लोकांना दिसला. रोज पाहणाऱ्याला जे कळत नाही, ते ओळीनं लावलं की कळतं. मुलाचं वागणंही असंच आहे. एका दिवसात काही दिसत नाही. त्याच वर्गात, त्याच वेळेला पाच-सहा वेळा गेलं की फरक दिसायला लागतो.

मी केलेली चूक

आता पाठाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो आधीच सांगते, कारण तुम्ही ही चूक करू नये.

पहिल्या दिवशी आमच्या वहीवर विषय लिहिला होता, "खोडकर मुलांना वळण कसं लावावं?" मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, कॅमेरा हातात आलेली, उत्साह फार. वर्गात एक मुलगा पुढच्याची वही ओढत होता. गुरुजींनी त्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर बोलले. तो खाली मान घालून हसत होता. मी ते सगळं टिपलं. मला वाटलं, वा, हीच खरी गोष्ट!

चार दिवसांनी ग्रामसंघाच्या बैठकीत मी "कसं जमलंय बघा" म्हणून तो तुकडा मोबाईलवर दाखवला. बायका हसल्या. मागच्या रांगेतली एक ताई मात्र उठली, पदर सावरला आणि न बोलता निघून गेली. तो तिचा मुलगा होता. हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. गावात पोरं त्याला "पिच्चरवाला" म्हणून चिडवायला लागली होती. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ताई भाकरी थापत होती. बस म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी उंबऱ्याशी बसले, माफी मागितली आणि तिच्यासमोर तो व्हिडिओ पुसून टाकला. बैठकीत कुणी तो घेतला होता का, तेही विचारून आले होते. एकीनं घेतला होता, तिनंही पुसला.

मग ताई बोलली. "दिवाळीच्या आधी आम्ही ऊस तोडायला जातो, चैतात परत येतो. तवर वर्ग कुठल्या कुठं गेलेला असतो. त्याला वाचता येत न्हाई मॅडम. वाचायची पाळी आली की तो खोडी काढतो. मार खाल्ला की पाळी टळती. हे तुमच्या मोबाईलात आलं का?"

नव्हतं आलं. मी वागणं टिपलं होतं, वागण्यामागचं कारण टिपलं नव्हतं. बीड जिल्ह्यात राहून, दरवर्षी अर्धी गावं रिकामी होताना पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

(हे सगळं मी त्या ताईला वाचून दाखवून, तिच्या परवानगीनं लिहिते आहे. गावाचं, शाळेचं, मुलाचं नाव मुद्दाम देत नाही.)

त्या दिवशी आम्ही वहीवरचा जुना विषय खोडला आणि नवा लिहिला : "मूल नीट वागतं, तेव्हा वर्गात त्याआधी काय घडलेलं असतं?" प्रश्न बदलला तसा आमचा माहितीपटच बदलला.

कॅमेऱ्याआधी थोडं समजून घेऊ

आपल्या गटाचंच बघा. एखादी ताई बैठकीला उशिरा आली तर आपण तिला छडी मारतो का? नाही. आपली पंचसूत्री ठरलेली आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब. नियम आपणच ठरवले आहेत, सगळ्यांना पाठ आहेत. वेळेवर परतफेड करणारीचं नाव बैठकीत घेतलं जातं. चुकली तर ठरलेला दंड भरते आणि पुन्हा त्याच सतरंजीवर बसते. तिला कुणी कायमची "बुडवी" म्हणत नाही. वागणं सुधारण्याची ही पद्धत आपण वर्षानुवर्षं वापरतो. मुलांनाही हेच लागतं.

शाळेत पाहताना या चार गोष्टी शोधा. याच आपल्याला टिपायच्या आहेत.

१. नेमकं कौतुक. "शाब्बास, हुशार आहेस" हे मोघम झालं. "तू तीनदा खोडून चौथ्यांदा गणित बरोबर केलंस" हे नेमकं झालं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी १९९८ साली अमेरिकेत याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना "हुशार" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस" म्हटलं. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं पुढचं अवघड काम घ्यायला जास्त तयार झाली. हुशार म्हटलेल्यांपैकी बरीच सोप्याकडे वळली, कारण चुकलं तर हुशारी जाईल ही भीती.

२. मुलांनी मिळून केलेले नियम. तेही "हे करू नका" असे नकोत, काय करायचं ते सांगणारे हवेत. "गोंधळ करू नका" याऐवजी "एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात."

३. गटानं मिळून जबाबदारी. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गात दोन गट पाडून चांगल्या वागण्याचा खेळ खेळवला गेला. नियम मोडला की त्या गटाच्या नावावर खूण. खुणा कमी ठेवणाऱ्या गटाला छोटं बक्षीस, जसं सुट्टीला आधी जायला मिळणं. दोन्ही गट नीट वागले तर दोघांनाही. वर्गातला गोंधळ बराच कमी झाला. हा अभ्यास १९६९ साली छापून आला आणि तो खेळ आजही अनेक देशांत वापरतात.

४. चुकल्यावर दुरुस्त करायची संधी. पाटी फोडली तर मार नाही. ज्याची फोडली त्याच्याशी बोलायचं, आपली पाटी त्याला वापरू द्यायची आणि पुढच्या वेळी राग आला तर काय करायचं ते ठरवायचं.

एक सावधगिरीही सांगते. चांगलं वागणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. प्रश्न विचारणारं, हलणारं, हसणारं मूल वाईट वागत नसतं. आणि भिंतीवरच्या "तारे मिळवा" तक्त्यात ज्याच्या नावापुढे कधीच तारा येत नाही, त्या मुलाला तो तक्ता रोज लाजवतो. असा तक्ता टिपताना त्या नावांवर कॅमेरा नेऊ नका.

कायदा काय सांगतो, तेही माहीत हवं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. टोमणे, सगळ्यांसमोर अपमान हेही मानसिक त्रासातच येतं. "मारा पण शिकवा" असं आपणच गुरुजींना सांगतो ना? ते आधी आपण बंद करायचं. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे समितीत बसायचा हक्क आपल्याला आधीच मिळालेला आहे.

आता कामाला लागू : आठ पायऱ्या

पायरी १ : प्रश्न एका ओळीत लिहा

आपल्या माहितीपटाचा प्रश्न एका ओळीत बसला पाहिजे. "आमची शाळा" हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. "उशिरा येणारी मुलं वेळेवर कशी यायला लागली?" हा प्रश्न झाला. "ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना वर्ग कसा सामावून घेतो?" हाही झाला. एकच घ्या. दोन घेतले की एकही धड होत नाही.

पायरी २ : परवानगी

आधी ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव घ्या. मग मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून लेखी परवानगी. प्रत्येक मुलाच्या आईची किंवा वडिलांची सही किंवा अंगठा. चौथी गोष्ट लोक विसरतात. मुलाला स्वतःला विचारा. "तुझा व्हिडिओ काढू का? नको वाटलं तर नाही म्हण, मी रागावणार नाही." नाही म्हणालं तर नाही. आमच्या वर्गात तिघांनी नाही सांगितलं. त्यांना आम्ही कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसवलं आणि एकाकडे वेळ मोजायचं काम दिलं.

परवानगीच्या कागदावर हे स्पष्ट लिहा : व्हिडिओ कुठे दाखवणार, कुणाला पाठवणार नाही आणि आईनं कधीही "काढून टाका" म्हटलं तर काढणार. व्हॉट्सॲपच्या गटात कच्चा व्हिडिओ टाकायचा नाही म्हणजे नाही.

पायरी ३ : कॅमेऱ्याशिवाय पाहणी

निदान तीन दिवस नुसतं वर्गात बसा. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे "टोकलं", उजवीकडे "कौतुक केलं". प्रत्येक वेळी एक रेघ. आम्ही एका तासिकेत रेघा मोजल्या, तर डावीकडे २३ आणि उजवीकडे २. मोजणी आम्ही गुरुजींना एकट्याला दाखवली, चारचौघांत नाही. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. म्हणाले, "दोन वर्ग एकटा सांभाळतो ताई. आवाज चढवल्याशिवाय भागत नाही असं वाटायचं. पण इतक्या वेळा म्हणतो हे माहीत नव्हतं." मग तेच म्हणाले, "दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा."

गुरुजींना गुन्हेगार ठरवायला आपण गेलेलो नसतो. तसं झालं तर शाळेचं दार बंद होतं आणि नुकसान मुलांचं होतं.

पायरी ४ : काय टिपायचं याची यादी

जसं बाजाराला जाताना चिठ्ठी नेतो, तशी चिठ्ठी करा. आमची अशी होती :

- शाळा भरताना फाटक, चपलांची रांग.
- परिपाठ (लांबून, सगळी मुलं).
- मुलं मिळून नियम ठरवतात तो तास.
- एकमेकांना मदत : मोठी मुलगी लहानाला वाचायला शिकवते.
- पोषण आहाराची पंगत, वाढणारी मुलं.
- हात : खडू धरलेला, पान उलटणारा, वर केलेला.
- गुरुजी मुलाच्या शेजारी खाली बसून बोलतात.

प्रत्येक प्रसंग तीन अंतरांवरून घ्या. लांबून (जागा कळते), मध्यावरून (कोण काय करतंय ते कळतं), जवळून (चेहरा किंवा हात). नंतर जोडताना याचाच उपयोग होतो.

पायरी ५ : मोबाईल असा धरा

- मोबाईल आडवा धरा, टीव्हीसारखा. उभा धरला तर भिंतीवर दाखवताना दोन्ही बाजू काळ्या दिसतात.
- निघण्याआधी मोबाईल चार्ज करा आणि जागा मोकळी करा. एका मिनिटाच्या चांगल्या व्हिडिओला १०० ते १५० एमबी जागा लागू शकते.
- काच पदरानं पुसा. चुलीच्या धुरानं आणि हाताच्या तेलानं चित्र धुरकट येतं.
- मोबाईल विमान मोडवर ठेवा. आमच्या सगळ्यात सुंदर प्रसंगात घरून फोन आला होता.
- स्टँड नसेल तर पुस्तकांचा गठ्ठा किंवा डबा चालतो. हातात धरायचा तर कोपरं पोटाशी टेकवा.
- बटण दाबल्यावर मनात १० आकडे मोजा, मगच बंद करा. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोबाईल फिरवत बसू नका, बघणाऱ्याला गरगरतं.
- खिडकी तुमच्या पाठीशी हवी. मूल खिडकीला पाठ करून बसलं तर चेहरा काळा येतो.
- मुलांच्या उंचीला खाली बसा. वरून काढलं की लेकरं केविलवाणी दिसतात.

आवाजाकडे जास्त लक्ष द्या. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, पण बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातात. पंखा बंद करा, पिठाच्या गिरणीची वेळ टाळा, पत्र्यावर पाऊस पडत असेल तर मुलाखत घेऊ नका. हेडफोनच्या वायरला असलेला छोटा माईक बोलणाऱ्याच्या गळ्याजवळ लावला तर आवाज स्वच्छ येतो.

पायरी ६ : मुलाखत

"हो" किंवा "नाही" असं उत्तर येईल तो प्रश्न नको. "शाळा आवडते का?" विचारलं तर मूल "हो" म्हणतं आणि गप्प बसतं. त्याऐवजी विचारा :

- शाळेत तुला कुणी चांगलं म्हटलं, तो दिवस सांग.
- तू चुकलास तेव्हा काय झालं? काय व्हायला हवं होतं?
- नवा मुलगा वर्गात आला तर तू त्याला काय सांगशील?

आयांना विचारा : "घरी तुम्ही आज लेकराला काय बोललात?" उत्तर यायला वेळ लागतो. थांबा. गप्प राहणं हीसुद्धा मुलाखत घेण्याचीच कला आहे. खरं बोलणं बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा. बोलता बोलता मुलानं मारहाणीचं, वाईट स्पर्शाचं, कुणी त्रास दिल्याचं काही सांगितलं, तर कॅमेरा लगेच बंद करा. खोदून खोदून विचारू नका, चारचौघांत बोलू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो फोन मोफत आहे. अशा मुलाची ओळख उघड करणं कायद्यानं गुन्हा आहे. तो भाग माहितीपटात कधीही जात नाही.

पायरी ७ : जुळवणी

मोबाईलवरच्या मोफत ॲपमध्ये तुकडे जोडता येतात. गटातल्या कॉलेजच्या मुलीला हे दोन तासांत जमतं. पण त्याआधी कागदावर जुळवा. प्रत्येक तुकड्यासाठी एक चिठ्ठी : काय दिसतं, कोण काय बोलतं, किती सेकंद. सतरंजीवर चिठ्ठ्या मांडा आणि पापड वाळत घालताना करतो तशी जागा बदलत राहा. ज्या चिठ्ठीचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही ती बाजूला. सुंदर असली तरी बाजूला.

लांबी ५ ते ८ मिनिटं पुरे. सुरुवातीला प्रश्न, मध्ये काय पाहिलं, शेवटी गावानं काय करायचं. सिनेमातली गाणी उचलून लावू नका, ती दुसऱ्याच्या मालकीची असतात. मुलांचाच परिपाठ किंवा आपल्या ओव्या टिपून घ्या.

पायरी ८ : दाखवायचं कुणाला आधी?

क्रम चुकवू नका. आधी मुलं आणि त्यांच्या आया. मग गुरुजी. मग शाळा व्यवस्थापन समिती. मग ग्रामसंघ. आधीच्या पायरीवर कुणी "हे काढा" म्हणालं तर काढून मगच पुढे जायचं. माझी चूक इथंच झाली होती. ज्याचा चेहरा होता, त्यानं सगळ्यांत शेवटी पाहिलं.

दाखवून झालं की लगेच चहा वाटू नका. आधी तीन प्रश्न विचारा : काय दिसलं? आपल्या घरी यातलं काय होतं? उद्यापासून एक कोणती गोष्ट करायची? ही चर्चा झाली नाही तर माहितीपट म्हणजे नुसती करमणूक.

खर्चाचं काय?

आमचा खर्च म्हणजे परवानगीच्या कागदांच्या झेरॉक्स, एक हेडफोन आणि चहा. मोबाईल आपलेच. दाखवायला शाळेतला टीव्ही चालला. गटाचा फिरता निधी यासाठी वापरू नका, तो कर्जव्यवहारासाठी आहे. जो काही खर्च होईल तो ठरावात लिहा आणि पावत्या जोडा.

पुढे काय झालं?

तो मुलगा आठवडाभरानं शाळेत आला. त्याच्या आईनं एक अट घातली होती : "त्याला बघायला बोलावू नका, कामाला बोलवा." म्हणून आम्ही त्याला मोबाईलच्या स्टँडजवळ उभं केलं. प्रत्येक वेळी १० आकडे मोजायचं काम त्याचं. मोजणी त्याला पक्की येत होती. फडावर मोळ्या मोजून तयार झालेली. गुरुजींनी ते पाहिलं आणि पाढे म्हणून घ्यायला त्याला पुढे बोलावलं. वाचनासाठी एका मोठ्या मुलीची जोडी लावून दिली. रोज मधल्या सुट्टीत १५ मिनिटं, लिंबाखाली.

दोन आठवड्यांनी आम्ही रेघा पुन्हा मोजल्या. टोकणं ११, कौतुक ९. गुरुजींनी स्वतःच्या हातानं तारीख घातली.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. मुलगा अजून अडखळत वाचतो. परवाच त्यानं कुणाची तरी टोपी विहिरीजवळ टाकली होती. पण या वेळी गुरुजींनी विचारलं, "काय झालं होतं?" आणि त्यानं सांगितलं. आपल्या माहितीपटात शेवटचा तुकडा त्याच्याच आवाजात आहे. चेहरा नाही, फक्त आवाज : "एक, दोन, तीन..." दहापर्यंत. त्याच्या आईनं तो ऐकला आणि म्हणाली, "ठेवा. हा माझाच हाय."

आता पुन्हा ऊसतोडीचा हंगाम येतो आहे. या वेळी ताईनं आणि गुरुजींनी मिळून मुलाच्या नावाचं शिक्षण हमी कार्ड काढायचं ठरवलं आहे, म्हणजे जिथं फड असेल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. आजीजवळ ठेवायचं की बरोबर न्यायचं, याची चर्चा घरात चालू आहे. माहितीपटानं हा प्रश्न सुटलेला नाही. पण आता तो एका घरातच राहिलेला नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत गावातून जाणाऱ्या सगळ्या मुलांची यादी मांडायचं ठरलं आहे.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत गटातल्या कोण कोण आहेत? शेवटची बैठक कधी झाली?
२. आपल्या लहानपणी शाळेत कुणी केलेलं कौतुक आठवतं का? शिक्षा आठवते का? आधी काय आठवलं?
३. आपल्या गावच्या शाळेवर माहितीपट काढायचा तर आपला एका ओळीचा प्रश्न कोणता?

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

शाळेत जायच्या आधी घरापासून सुरुवात. वहीच्या पानावर दोन रकाने आखा : "टोकलं" आणि "कौतुक केलं". फक्त एक दिवस, सकाळपासून झोपेपर्यंत. लिहिता येत नसेल तर डाव्या डब्यात ज्वारीचे दाणे, उजव्या डब्यात हरभऱ्याचे. कुणाला दाखवायचं नाही. फक्त आपण मोजायचं. मी माझ्या धाकट्या भावासाठी मोजलं. ज्वारी किती निघाली ते पुढच्या बैठकीत समोरासमोर सांगेन. तुम्हीही सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक